दुखतंय, म्हणजे कुठे?



माझ्यामागे भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांचं पूर्ण नाव तुमच्या हातातल्या पत्रिकेत छापलेलं आहे. मी त्यांना जन्मभर 'बाई' म्हणत आले आणि आजही तेच म्हणणार आहे. आमच्या रुग्णालयातल्या सगळ्या नर्सेस त्यांना बाईच म्हणायच्या, डॉक्टरही म्हणायचे आणि वॉर्डातल्या मावशीसुद्धा म्हणायच्या. त्यांच्या हाताखाली मी हाडांच्या वॉर्डात उभी राहिले आणि निवृत्त होईपर्यंत, मधली दोन-तीन वर्षं सोडली तर, त्याच वॉर्डात राहिले. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा फार विचार करावा लागला नाही. मला एकच विषय येतो. हाड मोडलेल्या माणसाला सांभाळायचं कसं, हा तो विषय.

मोडलेलं हाड जोडतं कोण, असं विचारलं तर लोक डॉक्टरांचं नाव घेतात. डॉक्टर हाड जागेवर बसवतात, ते तिथेच राहावं म्हणून प्लास्टर, सळई, पट्टी, स्क्रू असं काही ना काही लावतात. पण जोडण्याचं काम हाड स्वतःच करतं. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, त्यात मऊ गाठ धरते, गाठ हळूहळू कडक होते आणि पुढे महिनोन्‌महिने हाड तिला घासूनपुसून पहिल्यासारखं करत राहतं. लहान मुलाची मांडी चार-सहा आठवड्यांत धरते, मोठ्या माणसाला तीन महिने लागतात. या काळात हाडाला आमची गरज फारशी नसते. गरज असते ती त्या हाडाभोवतीच्या माणसाला. त्याची कातडी, स्नायू, नसा, फुप्फुसं, पोट, लघवी, झोप, भीती हे सगळं तितके आठवडे कुणीतरी राखावं लागतं. राखलं नाही, तर हाड सुरेख जुळतं आणि माणूस बिघडतो. अशी माणसं मी पाहिलीत. एकाच्या बिघडण्यात माझा वाटा आहे. त्याची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, कारण ती टाळून या व्यासपीठावर उभं राहणं मला बरोबर वाटत नाही.

हाडांच्या वॉर्डात वर्षभराचे सण दिसतात. एप्रिल-मेमध्ये आंब्या-जांभळाच्या झाडावरून पडलेली पोरं. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेल्या बाया. दहीहंडीच्या रात्री वरच्या थरावरून कोसळलेले गोविंदा, त्यातला एखादा मानेला धक्का न लावता उचलून आणावा लागणारा. दिवाळीनंतर कारखाने पेटले की उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेले. संक्रांतीला पतंगामागे धावताना गच्चीचा कठडा न दिसलेले. कडबाकुट्टीत हात गेलेले तर बारा महिने, आणि दुचाकीवाले रोजचेच. वॉर्डात शिरलं की आधी वास येतो, ओल्या प्लास्टरचा चुन्यासारखा, त्यात स्पिरिट आणि नातेवाइकांच्या डब्यातल्या आमटीचा. मग दिसतात टांगलेले पाय. चाळीस खाटांच्या वॉर्डात पंधरा-वीस पाय टांगलेले असायचे आणि प्रत्येक पायाखाली वजन लोंबत असायचं.

आता ती गोष्ट.

1981 साल. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. मला रात्रपाळी होती. संध्याकाळी चौदा नंबरच्या खाटेवर नऊ वर्षांचा मुलगा आला होता. चिंचेच्या झाडावरून पडला होता आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलं होतं. मुलं पडताना हात पुढे टेकवतात, त्यामुळे हे हाड या वयात हमखास मोडतं. डॉक्टरांनी हाड बसवलं, कोपर दुमडून प्लास्टर घातलं आणि हात झोळीत दिला. दहा वाजता मी बोटं पाहिली. बोटं गरम होती. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग परत येत होता. मी तसं लिहिलं.

बारानंतर तो रडायला लागला. त्याची आई माझ्याकडे आली. "सिस्टर, लई दुखतंय म्हनतोय वो." मी म्हटलं, "हाड मोडलंय ताई, दुखणारच. सकाळपर्यंत उतरेल." दोन वाजता डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं इंजेक्शन दिलं. चार वाजता ती पुन्हा आली. मी गेले, बोटं पुन्हा पाहिली. अजूनही गरमच होती. बोटं मुठीसारखी वळली होती, म्हणून मी एक बोट सरळ करायला गेले, तर पोरानं असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मला वाटलं पोरगं रडवं आहे, माझ्या हाताला घाबरतंय. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. साडेपाचला त्याचा डोळा लागला. झोप कसली, रडून रडून त्याची ताकद संपली होती. मी वहीत लिहिलं, 'रुग्ण झोपला.'

साडेसातला बाईंचा राउंड. बाईंची सवय होती की वही नंतर बघायची, आधी माणूस. त्यांनी त्या मुलाच्या बोटांची टोकं आपल्या चिमटीत धरली आणि अगदी हळू, धाग्याएवढी, मागे नेली. पोरगं किंचाळलं. बाईंनी बोट सोडलं, मुलाच्या आईकडे पाहिलं आणि विचारलं, "रात्रभर असाच?" तिनं मान हलवली. बाईंनी मला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टरांनी येऊन प्लास्टर कापलं, खालचा कापूस कापला, पट्टीही कापली, कातडीपर्यंत. कोपर थोडा सैल केला. हात दगडासारखा टणक लागत होता. दहाच्या आत त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेऊन आतले स्नायूंचे पदर उघडले. पण स्नायूंनी वाट पाहिली नव्हती. त्याचं हाड पुढे उत्तम जुळलं. हात मात्र मनगटात वळला, बोटं आत मिटून राहिली. पुढच्या दोन वर्षांत तो आईबरोबर व्यायामाला यायचा तेव्हा मी त्याला वऱ्हांड्यातून बघायची.

त्या सकाळी बाई मला ओरडल्या नाहीत. माझी वही उघडून त्यांनी बोट ठेवलं. तिथे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुखतंय. इंजेक्शन दिलं.' आणि खाली परत, 'दुखतंय.' बाई म्हणाल्या, "दुखतंय, म्हणजे कुठे? मोडल्या जागी की खाली, हाताच्या गाभ्यात? कधीपासून? इंजेक्शननं उतरलं का? बोट सरळ केल्यावर वाढलं का? यातलं तू काय विचारलंस?"

मी काहीच विचारलं नव्हतं. मी नख पाहिलं होतं, ऊब पाहिली होती, आणि ज्याला दुखत होतं त्याचं ऐकलं नव्हतं.

हे काय असतं ते थोडं समजावून सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी प्लास्टर आलंय किंवा येणार आहे. आपल्या हातापायांचे स्नायू कप्प्याकप्प्यांत असतात. प्रत्येक कप्प्याला एक चिवट पडदा असतो, तो ताणला जात नाही. हाड मोडलं, रक्त सांडलं, सूज आली की कप्प्यातला दाब वाढतो. बाहेरून घट्ट प्लास्टर असेल तर आणखी वाढतो. दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूला रक्त मिळत नाही. मोठी धमनी मात्र चालूच असते. म्हणून नाडी लागते, बोटं गरम असतात, नख गुलाबी असतं आणि आत स्नायू मरत असतो. सुमारे सहा तासांत जे जातं ते परत येत नाही. अशा वळलेल्या हाताचं नेमकं वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमन यांनी 1881 साली केलं, तो हात आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. म्हणजे मी ज्या वर्षी चुकले, त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी ही गोष्ट पुस्तकात आलेली होती. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहून गुणही मिळवले होते.

तर सगळ्यात आधी येणारी खूण नाडी नव्हे, रंगही नव्हे. मोडण्याच्या मानाने जास्त, औषधाला न जुमानणारं, तासागणिक वाढणारं दुखणं ही पहिली खूण. आणि बोट कुणी दुसऱ्यानं हळूच ताणलं की ते दुखणं उसळतं, ही दुसरी. मुंग्या, बधिरपणा, बोट न हलणं हे सगळं नंतरचं. नाडी जाणं तर फार उशिराचं. एरवी सूज उतरावी म्हणून हात उंच ठेवायला आम्हीच सांगतो. पण ही शंका आली की हात छातीच्या पातळीला आणायचा, कारण उंच धरला तर आधीच कमी पडलेलं रक्त आणखी कमी होतं. आणि अर्धवट कापलेलं प्लास्टर काही कामाचं नाही, खालच्या कापसापट्टीसकट ते पूर्ण उघडावं लागतं. घरी असाल तर सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका. रात्री दोन वाजताही जा, आणि दारावरचा कुणी म्हणाला की प्लास्टर आहे म्हणजे दुखणारच, तर त्याला माझं हे बोलणं सांगा.

प्लास्टरची आणखी थोडी ओळख करून देते. ओलं प्लास्टर उचलायचं ते तळहातांवर, बोटांनी धरलं तर बोटांचे खड्डे आतून उमटतात आणि तेच पुढे कातडीला रुततात. सुकताना ते गरम होतं, घाबरायचं नाही. पण वर गोधडी पांघरायची नाही, त्यानं वाफ आत कोंडते. पूर्ण सुकायला एक ते तीन दिवस लागतात. आत खाज सुटते, फार सुटते, आणि माणसं झाडूची काडी, फूटपट्टी, स्वेटरची सुई जे हाताला लागेल ते आत घालतात. एकदा एका मुलीच्या प्लास्टरमधून पेनाचं टोपण, दोन शेंगदाणे आणि हेअरपिन निघाली, आणि हेअरपिनच्या खाली रुपयाएवढी जखम. बाईंनी आम्हाला प्लास्टरचा वास घ्यायला शिकवलं होतं. रोज सकाळी नाक जवळ नेऊन कडेनं वास घ्यायचा आणि तळहात फिरवायचा. एकाच जागी प्लास्टर गरम लागलं, किंवा गोडसर कुजका वास आला, किंवा काल टाच दुखते म्हणणारा पेशंट आज म्हणाला की आता टाच दुखत नाही, तर आत जखम झालीय असं समजायचं. शेवटचं नीट ऐका. दुखायचं थांबलं हेही कधीकधी वाईट लक्षण असतं. तिथली कातडी मेली की दुखणार कशी?

गावाकडून येणारे बरेच पेशंट आमच्याआधी हाडवैदाकडे जाऊन आलेले असत. बांबूच्या कामट्या, वर चिंध्या करकचून बांधलेल्या, आत आंबेहळद नाहीतर रक्तबोळाचा लेप. मी त्यांची चेष्टा कधी केली नाही. हाडवैद हाकेच्या अंतरावर असतो, पैसे उधार ठेवतो, ऑपरेशनचं नाव काढत नाही. लोकांनी का जाऊ नये? पण घट्ट कामट्यांखाली काळे पडलेले हात मी पाहिलेत आणि कोपराला तेल लावून रगडल्यानं स्नायूतच हाड धरून कायमचा आखडलेला सांधाही पाहिलाय. मुका मार आणि मोड यातला फरक फोटो काढल्याशिवाय कुणालाच खात्रीनं कळत नाही, हाडवैदालाही नाही, मलाही नाही.

गंमत अशी की आमच्या वॉर्डातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात उपयोगाचं अवजार हाडवैदांच्याच घरातून आलेलं आहे. थॉमस स्प्लिंट. वर चामड्याची कडी, तिला दोन लांब लोखंडी सळया, त्यात पाय. इंग्लंडातल्या लिव्हरपूलचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस (1834–1891) यांचं घराणं वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैदांचं. वडिलांना पदवी नव्हती, त्यांनी मुलांना मात्र डॉक्टर केलं. थॉमस यांचं म्हणणं होतं की मोडलेल्या आणि सुजलेल्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ विश्रांती द्या. त्या काळी दुखरा सांधा लगेच कापून काढायची घाई असे. थॉमस यांच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स त्यांच्याच हाताखाली शिकला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मांडीला गोळी लागून हाड मोडलेले सैनिक बहुतेक मरत असत. हाडाची टोकं स्ट्रेचरवर हलत राहायची, रक्तस्राव आणि धक्का यांनी माणूस वाटेतच जायचा. जोन्स यांनी आग्रह धरला की थॉमस स्प्लिंट मैदानातच लावा. अंधारात लावता यावं म्हणून स्ट्रेचर उचलणाऱ्या जवानांना डोळे बांधून ते शिकवलं गेलं. 1917 च्या अरासच्या लढाईत अशा जखमींचं मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांच्या जवळपास आलं होतं. या गोष्टीत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते डोळे बांधून शिकलेले जवान. स्प्लिंट थॉमसची, पण ती लावली त्यांनी.

आणि याच जोन्स यांच्याबरोबर एक नर्स होती, जिचं नाव आपल्या नर्सिंगच्या वर्गांत फारसं घेतलं जात नाही. ॲग्नेस हंट. जन्म 1866 चा. लहानपणीच्या आजारात तिचा खुबा कायमचा बिघडला, आयुष्यभर कुबड्या घेऊन चालली. तरीही नर्स झाली. 1900 साली तिनं श्रॉपशायरमधल्या बासचर्च गावी अपंग आणि आजारी मुलांसाठी एक घर उघडलं. घराला जिने होते, प्लास्टरमधल्या मुलांना वरखाली न्यायचं जमेना, तेव्हा तिनं अंगणात एका बाजूनं उघड्या शेड बांधल्या आणि मुलं तिथेच ठेवली. थंडीवाऱ्यात मुलं मरतील असं लोकांना वाटलं, पण मुलं उलट सुधारली. हाडाच्या क्षयाला त्या काळी औषधच नव्हतं, मोकळी हवा, चांगलं खाणं आणि न हलवता ठेवणं एवढंच हातात होतं आणि ती ते नेमानं करायची. स्वतःच्या खुब्याच्या निमित्तानं जोन्स यांची ओळख झाली, ते तिच्या मुलांवर शस्त्रक्रिया करायला येऊ लागले. 1921 मध्ये हे रुग्णालय ऑस्वेस्ट्रीला हललं आणि आज त्यावर दोघांचीही नावं आहेत. डॉक्टर आणि नर्स, एका पाटीवर. बाईंनी मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला होता.

थॉमस स्प्लिंट लावलेल्या पेशंटचं नर्सिंग करणं म्हणजे काय, ते सांगते. जांघेतली कडी लघवीनं भिजते, तिथली कातडी रोज धुवून, कोरडी करून, कडीखालून थोडी सरकवून बसवावी लागते. दोरीची गाठ चाकाला अडकलेली नसावी. वजन लोंबतं असावं, खाटेला किंवा जमिनीला टेकलं तर ते वजनच नव्हे. रात्री नातेवाईक प्रेमानं वजन उचलून स्टुलावर ठेवतात, तेवढाच आराम पेशंटला. सकाळी हाड सरकलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक नातेवाइकाला खाटेशी उभं करून समजवायची की हे वजन ओझं नाही, हेच औषध आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वरून एक नस जाते. पाय बाहेरच्या अंगाला कलंडला आणि ती नस दबली की पाऊल लोंबकळतं आणि कधीकधी महिनोन्‌महिने लोंबतच राहतं. म्हणून रोज म्हणायचं, "काका, पायाचा अंगठा आपल्या नाकाकडे आणा बघू." त्या एका वाक्यात अख्खी तपासणी असते. मांडी मोडलेला धडधाकट तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाएकी बरळायला लागला, धाप लागली, काखेत आणि छातीवर बारीक लाल ठिपके दिसले, तर त्याला दारूची तलफ आलीय असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत गेलेली असते. ते पहिल्यांदा दिसतं ते अंग पुसणाऱ्या नर्सला.

12 मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्हाला फुलं देतात, सेवेच्या मूर्ती म्हणतात. मला त्या शब्दाचा राग नाही, पण सेवा म्हटलं की त्यातलं ज्ञान दिसेनासं होतं. अंगठा नाकाकडे आणा म्हणणं ही सेवा आहे की विद्या? बाई म्हणायच्या की दोन्ही वेगळं काढता येत नाही, आणि जो काढतो तो नर्सचा पगार ठरवताना फक्त सेवा मोजतो. त्या विषयावर मी आज जास्त बोलत नाही. एकच आकडा सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. मी रात्री चाळीस रुग्णांमागे एक होते.

नर्स कमी असण्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो मणका मोडलेल्यांना. कमरेखालची संवेदनाच गेलेली असते, म्हणून दुखतंय हा शब्दच त्यांच्याकडे उरत नाही. टाच, माकडहाड, खुब्याची बाजू, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये फक्त कातडी असते, तिथे दोन-तीन तासांच्या दाबानं जखम सुरू होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुतेक शय्याव्रणांनी किंवा लघवीच्या संसर्गानं जात. नाझींच्या छळातून इंग्लंडला आलेले लुडविग गुटमान यांनी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू केला, आणि त्यांचा पहिला आग्रह कुठल्या ऑपरेशनचा नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. ओंडक्यासारखं, मान-पाठ-कंबर एका रेषेत ठेवून, तिघाचौघांनी एका आवाजात. त्याच रुग्णालयाच्या मैदानावर 29 जुलै 1948 रोजी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, पुढे तिचीच पॅरालिम्पिक झाली. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली निकामी झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी 37.33 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. सगळे त्या 37 सेकंदांबद्दल बोलतात. मला त्याच्या आधीच्या रात्री दिसतात. असा माणूस पाण्यापर्यंत पोचायचा तर आधी त्याची पाठ शाबूत राहावी लागते, आणि ती शाबूत राखायला दर दोन तासांनी कुणीतरी उठावं लागतं.

बाईंना चादरीची सुरकुती सहन व्हायची नाही. राउंडला त्या पेशंटच्या पाठीखाली हात घालून चादर चाचपायच्या. भाकरीचे कण, इंजेक्शनच्या सुईचं टोपण, चोळामोळा झालेला टॉवेल, जे सापडेल ते काढून आमच्या तळहातावर ठेवायच्या, काही न बोलता.

आता म्हाताऱ्या माणसांविषयी. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, ही आपल्या घरोघरची कहाणी. घरचे म्हणतात, एवढ्या वयात ऑपरेशन कशाला, पडून राहू दे. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याचं काय होतं? छातीत कफ साठतो, पाठ फुटते, पायातल्या शिरांत रक्त गोठतं. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ऑपरेशन करून लवकर उठवून बसवायचं, हेच आज जगभर मानलं जातं. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एक साधी गोष्ट बघा. म्हातारी पाणी का पीत नाही? आमच्या एका आजींचे ओठ सुकून फुटले होते. पेला पुढे केला की म्हणायच्या, "नको ग पोरी, तहान नाही." तिसऱ्या दिवशी मावशींनी उलगडा केला. आजी पाणी पीत नव्हत्या, कारण पाणी प्यायलं की बेडपॅन मागावं लागणार, आणि शेजारी मुलगा बसलेला. आम्ही त्या खाटेभोवती पडदा लावला, मुलाला दुपारी दोन तास बाहेर पाठवायचं ठरवलं, बेडपॅन कोमट करून द्यायला लागलो. आजी दुसऱ्या दिवसापासून पाणी प्यायल्या. त्यांचं रात्रीचं बरळणंही त्यासोबत कमी झालं, कारण अंगातलं पाणी आटलं की म्हाताऱ्या माणसाचं डोकं आधी भरकटतं. तसंच चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी विसरू नका. अनोळखी जागी, धूसर दिसत, काही ऐकू न येता जागं होणारा माणूस घाबरणारच.

खुबा बदलला की कित्येकांना सांगावं लागतं की मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना पायांमध्ये उशी हवी. इंग्रजी पुस्तकात ही अर्ध्या ओळीची सूचना असते. आपल्याकडे ती माणसाचं अर्धं आयुष्य बदलते. जेवण, पूजा, भजन, संडास, सगळं मांडीवर किंवा उकिडवंच. एक काका मला म्हणाले होते, "मग पंगतीत मी खुर्चीवर बसणार, आणि बाकीचे खाली?" बाईंनी आम्हाला नियम घालून दिला होता की डिस्चार्जच्या कागदावर सही घेण्यापूर्वी त्या माणसाचं घर विचारा. संडास कसला, किती पायऱ्या, दिवा कुठे, पाणी कोण भरतं. त्यावरून सुतारानं भोक पाडलेली एक खुर्ची, भिंतीला एक दांडा, न्हाणीत खरबरीत पाट, एवढ्यावर कित्येकांचं भागायचं. त्या काकांना त्यांच्या भावकीनं पंगतीच्या कडेला बाक टाकून दिला. त्यांच्याबरोबर आणखी चार म्हातारे त्याच बाकावर बसायला लागले, असं त्यांनी पुढे सांगितलं.

शेवटी बाईंविषयी. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी, ब्याऐंशीव्या वर्षी, रात्री लाईट गेल्यावर मेणबत्ती शोधताना त्या पडल्या आणि त्यांचाच खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, त्यामुळे नातेवाईक म्हणून रात्री त्यांच्याजवळ राहिले. तिसऱ्या रात्री त्या भरकटल्या. मला ओळखेनात. आपण ड्युटीवर आहोत असं त्यांना वाटत होतं. तरुण सिस्टर आली, तिच्याकडे बघून बाई पुन:पुन्हा एकच म्हणत होत्या, "चादर ओढ. चादर ओढ ग." सिस्टर मला हळूच म्हणाली, "जुनं काहीतरी आठवतंय त्यांना." मलाही तसंच वाटलं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "हो बाई, ओढली चादर." त्या गप्प झाल्या, मग पुन्हा सुरू. पाचव्या का सहाव्या वेळेला मला माझीच वही आठवली.

मी विचारलं, "बाई, कुठे?"

"उजवीकडे. खाली."

सिस्टरनं आणि मी मिळून त्यांना कुशीवर घेतलं, पायांमधली उशी न हलवता. मी पाठीखाली हात घातला. चादरीची चुणी होती आणि चुणीत सुईचं निळं टोपण. कातडीवर त्याचा गोल लाल ठसा उठला होता. मी त्यावर बोट दाबलं, सोडलं. अजून फिकं पडून परत लाल होत होतं. म्हणजे वेळेत होतं. सिस्टरनं चादर चारी बाजूंनी ओढून खोचली. टोपण मी तिच्या तळहातावर ठेवलं. आम्ही बाईंना तसंच कुशीवर ठेवून मागे उशी लावली आणि सिस्टरनं वहीत वेळ, जागा, ठशाचा आकार, सगळं लिहिलं. बाई सकाळी सहापर्यंत झोपल्या. आठ वाजता आम्ही पुन्हा बघितलं तेव्हा ठसा गेला होता.